सुपरव्हिजनमध्ये ‘विरक्ती’, ‘प्रारब्ध’ हे शब्द कसे लिहावेत?

प्रश्न : समुपदेशकांच्या सुपरव्हिजनमध्ये (अनुभवी समुपदेशकाबरोबर शिकाऊ समुपदेशक आपल्या कामाचा आढावा घेतो त्या बैठकीत) क्लायंटच्या देवाधर्माचा विषय निघाला, तर नोंदीत काय लिहावं : अध्यात्म, धार्मिकता की श्रद्धा? सुपरव्हिजनला ‘मार्गदर्शन’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर १ : ‘मार्गदर्शन’ नको. त्यात गुरुपदाची छटा येते. मग सुपरव्हायझरच्या साधनेपुढे शिकाऊ समुपदेशक मान डोलावतो, शंका गिळतो. ‘पर्यवेक्षण’ म्हटलं की परीक्षेचा वर्ग आठवतो. बोलण्यात ‘सुपरव्हिजन’च रुळलंय, ते राहू द्या.

उत्तर २ : उपवास, कुळाचार, वारी ही धार्मिकता. जगण्याचा अर्थ शोधणं नास्तिकालाही असतं, त्याला ‘अध्यात्म’ चिकटवू नये. नोंदीत क्लायंटचाच शब्द अवतरणात लिहावा.

‘मला विरक्ती आलीय’ हे वाक्य घ्या. कुणी त्याची नोंद ‘आध्यात्मिक प्रगती’ अशी करतं, कुणी थेट ‘नैराश्य’. दोन्हींत घाई आहे. सुपरव्हायझरने विचारावं : मन नेमकं कशातून उडालं? नामस्मरणातली गोडीही गेली का? झोप, भूक कशी आहे? हे किती दिवस चाललंय? डीएसएम-5 (मानसिक विकारांच्या निदानाचं अमेरिकी पुस्तक) नुसार नैराश्य म्हणायला 9 पैकी किमान 5 लक्षणं दोन आठवडे हवीत, आणि त्यांत उदासी किंवा रस नसणं यांपैकी एक असलंच पाहिजे. साधनेतून आलेल्या विरक्तीत भजनात मन लागतं, घरच्यांशी बोलणं टिकतं. नैराश्यात बहुधा तेही आटतं. बहुधाच, म्हणून मरणाचे विचार येतात का, हे दोन्हीकडे थेट विचारायचं.

उत्तर ३ : डीएसएममध्ये 1994 पासून ‘धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या’ अशी वेगळी नोंद आहे. तो विकार नव्हे, हे शिकाऊंना आवर्जून सांगावं लागतं.

‘प्रारब्धाचे भोग’ याहून अवघड. नवऱ्याचा मार खाणारी बाई हे म्हणते तेव्हा कर्मसिद्धांतावर वाद घालू नये. ‘भोग म्हणजे सोसायचंच, की त्यातून वाटही काढायची?’ असं विचारावं. तिच्या उत्तरावरून कळतं की हा शब्द तिला धीर देतोय की बांधून ठेवतोय. उत्तर काहीही येवो, सुरक्षेची आखणी आणि 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यातल्या संरक्षण अधिकाऱ्याची माहिती त्याच बैठकीत द्यायची.

शिकाऊ समुपदेशकाच्या श्रद्धेचा विषय सत्राला स्पर्श करेल तेवढाच काढावा : ‘ती नवसाबद्दल बोलली तेव्हा तुम्ही विषय बदललात. तिथं काय झालं?’ त्यापलीकडचं त्याच्या स्वतःच्या थेरपीत.