तिशीत निघून गेलेला मेगाट्रॉन: शहाणपणा की डाव अर्धवट टाकणं?

नोव्हीकर_नाना

परवा ऑफिसात डबा खाताना एका नव्या पोराने विचारलं, "काका, तुमच्या लायन्सचा तो ८१ नंबर एवढा भारी होता, तर तिसाव्या वर्षी सोडून का गेला?" मी तोंड उघडायच्या आत पलीकडच्या टेबलावरचा एक गोरा गृहस्थ उसळला. अर्धा तास गेला, डबा गार झाला. तोच वाद इथे आणतोय. मराठीत भांडायची मजा वेगळी.

नव्या मंडळींसाठी: कॅल्विन जॉन्सन, टोपणनाव मेगाट्रॉन, अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या डेट्रॉइट लायन्सचा वाइड रिसीव्हर. २००७च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. साडेसहा फुटांना एक इंचच कमी, वजन शंभर किलोच्या वर, आणि पळायला हरीण. वाइड रिसीव्हरचं काम सांगायला सोपं आहे: कडेला उभं राहायचं, खेळ सुरू झाला की पळायचं, क्वार्टरबॅक फेकेल ते झेलायचं. सीमारेषेवरचा उंच झेल डोळ्यांसमोर आणा, फक्त नजर चेंडूवर असताना दोन धिप्पाड माणसं तुम्हाला आडवं करायलाच धावत येताहेत.

२०१२ साली त्याने एका मोसमात झेलांवर १,९६४ यार्ड (मैदानावर पुढे नेलेलं अंतर) काढले आणि जुना दिग्गज रिसीव्हर जेरी राइसचा १९९५चा १,८४८चा विक्रम मोडला. तो चेंडू त्याने बाजूला उभ्या असलेल्या वडिलांच्या हातात नेऊन दिला. तो सामनाही आम्ही हरलो, हे सांगायला नकोच. मार्च २०१६मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. शेवटच्या मोसमातही ८८ झेल, १,२१४ यार्ड, ९ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार नेणं). म्हणजे संपलेला माणूस नव्हता.

तेव्हा मला राग आला होता. आज वाटतं की त्याने बरोबर केलं, चुकला तो संघ. जाताना त्याच्या सायनिंग बोनसमधले (करार करताना मिळालेली रक्कम) १६ लाख डॉलर परत घेतले. नऊ वर्षं हाडं झिजवलेल्या माणसाकडून!

हिशेबनीस

नाना, भावना समजल्या, पण करार वाचायचा असतो. सायनिंग बोनस हातात आधी पडतो, पण सॅलरी कॅपमध्ये (संघाच्या एकूण पगारखर्चावरची लीगची मर्यादा) तो पुढच्या वर्षांवर पसरवून मोजला जातो. खेळाडू मध्येच थांबला की न खेळलेल्या वर्षांचा हिस्सा तसाच संघाच्या डोक्यावर राहतो. म्हणून तो परत मागायचा हक्क संघाला असतो आणि हा नियम खेळाडूंच्या संघटनेनेच मान्य केलेला आहे. २०१६च्या कॅपमध्ये एकट्या जॉन्सनच्या नावावर सुमारे २.४ कोटी डॉलर धरलेले होते, आणि अख्ख्या संघाची मर्यादा साडेपंधरा कोटींच्या आसपास. २०१२चा त्याचा करार आठ वर्षांचा, १३ कोटी २० लाखांपर्यंतचा. त्यातली चारच वर्षं खेळला. मी घराच्या रंगाची उचल दिली आणि रंगारी निम्म्या भिंती रंगवून गेला, तर मी काय करेन?

पिवळं_फडकं

रंगाऱ्याच्या अंगावर रोज दोन जण धावून जात असतील तर बोला.

आणि नियम "हक्क" देतो, सक्ती करत नाही. इंडियानापोलिसचा क्वार्टरबॅक अँड्र्यू लक आठवा. ऑगस्ट २०१९मध्ये, मोसम तोंडावर असताना, २९व्या वर्षी थांबला. संघाला जवळपास अडीच कोटी डॉलर परत मागता आले असते. एक डॉलर मागितला नाही. लीग तीच, नियम तेच. लायन्सची खोड जुनी आहे: १९९९मध्ये लायन्सच्याच बॅरी सँडर्सने, चेंडू घेऊन पळणाऱ्या त्या महान खेळाडूने, विचिटाच्या वर्तमानपत्राला फॅक्स धाडून रामराम ठोकला, तेव्हा त्याच्याकडूनही बोनस परत मागितला होता. एकाच घरातले दोन सर्वोत्तम मुलगे असे निघून जातात तेव्हा दोष मुलांचा?

गल्ली_क्रिकेट

मला पैशांत रस नाही. माझा मुद्दा वेगळा आहे, आणि तो ऐकून तुम्ही मला धरून मारणार हे ठाऊक आहे. जॉन्सनला "सर्वकालीन महान" म्हणणं थांबवा. महानता टिकण्यात असते. राइस २० मोसम खेळला: १,५४९ झेल, २२,८९५ यार्ड, १९७ टचडाउन झेलले. लॅरी फिट्झगेराल्ड १७ मोसम, सगळे अॅरिझोनासाठी, १,४३२ झेल. त्यालाही सुपर बोल (लीगचं अजिंक्यपद) मिळाला नाही, पण तो तक्रार न करता खेळत राहिला. जॉन्सन: ७३१ झेल, ११,६१९ यार्ड, ८३ टचडाउन. अर्ध्यावर सोडलेलं द्विशतक. आणि विक्रमी २०१२मध्ये टचडाउन किती? पाच!

विजय मर्चंटांचं वाक्य कोणी तोंडावर फेकणार असेल तर आधीच सांगतो, "का जातोस" असं विचारत असताना जावं हे ठीक, पण मर्चंटांनी संघाला भर डावात सोडलं नव्हतं.

पिवळं_फडकं

बेरीज करायची तर सगळी करा. राइस ३०३ सामने, म्हणजे सामन्याला साडेपंचाहत्तर यार्ड. फिट्झगेराल्ड २६३ सामने, साडेसहासष्ट. जॉन्सन १३५ सामने, ८६. आणि राइसला चेंडू कोण फेकत होतं? जो माँटाना, मग स्टीव्ह यंग, दोघेही दिग्गज क्वार्टरबॅक. जॉन्सनला २००८मध्ये किटना, ऑर्लोव्स्की, कलपेपर… जो हाताशी असेल तो. त्या वर्षी लायन्स १६ पैकी १६ हरले, आणि या पठ्ठ्याचे १२ टचडाउन, लीगमध्ये सर्वाधिक (तुमच्याच फिट्झगेराल्डबरोबर). हरणाऱ्या संघात सगळ्यांना ठाऊक असतं की चेंडू कुणाकडे जाणार. गोललाइनजवळ त्याच्या एकट्यासमोर दोन-दोन जण उभे करत. २०१२मध्ये टचडाउन पाचच का, त्याचं उत्तर तिथे आहे.

२७ ऑक्टोबर २०१३, डॅलसविरुद्ध १४ झेल, ३२९ यार्ड. जादा वेळेशिवाय एवढे कुणीच केलेले नाहीत. बघितलाय का तो सामना?

गल्ली_क्रिकेट

बघितला. बारा सेकंद राहिले असताना लायन्सचा क्वार्टरबॅक स्टॅफर्ड चेंडू जमिनीवर आपटायचं नाटक करून स्वतःच उडी मारून गेला, ३१-३०. मान्य, मेगाट्रॉन त्या दिवशी माणूस वाटत नव्हता. पण एक दिवस म्हणजे कारकीर्द नाही.

आईची_नजर

तुम्ही सगळे यार्ड मोजताय. माझा मुलगा शाळेच्या संघात रिसीव्हरच खेळतो. मागच्या मोसमात झेल घेताना डोकं जमिनीवर आपटलं, आणि प्रशिक्षकांनी त्याला पाणी पाजून दहा मिनिटांत परत आत धाडला. रात्री पोरगं दिव्याकडे बघू शकत नव्हतं. तीन आठवडे घरी होता. तेव्हापासून मी हे प्रकरण वेगळ्या नजरेने वाचते.

जॉन्सनने निवृत्तीनंतर उघड सांगितलं की त्याला कन्कशन (डोक्याला मार बसून मेंदूला होणारी इजा) झाली होती, आणि वेदनाशामक गोळ्या चॉकलेटसारख्या वाटल्या जात. बोटं मोडलेली, घोटे आणि गुडघे कुरकुरणारे. वय तीस! आपल्याकडे तिशीत लोकांची लग्नं ठरतात. फिट्झगेराल्ड १७ वर्षं टिकला हे त्याचं भाग्य आणि कसब, पण ते दुसऱ्याच्या डोक्यावर कर्ज म्हणून का लादायचं?

हिशेबनीस

ताई, मुलाचं ऐकून वाईट वाटलं. आता बरा आहे ना? प्रशिक्षकांशी बोललात का?

मूळ मुद्द्यावर: तब्येतीसाठी थांबला याला माझा विरोध नाहीच. पण त्याने स्वतः नंतर हेही म्हटलंय की डेट्रॉइट करारातून मोकळं करणार नव्हतं आणि तिथे सुपर बोलची शक्यता दिसत नव्हती. म्हणजे निम्मं कारण शरीर, निम्मं कंटाळा. कंटाळ्याचा बोनस कुणी द्यावा?

नोव्हीकर_नाना

कंटाळा? हिशेबनीस, तुम्ही त्या नऊ वर्षांत इथे नव्हता. मी होतो. ५४ विजय, ९० पराभव. थँक्सगिव्हिंगला टर्की कापायची आणि हरताना बघायचं, हा आमचा सण. २०१०मध्ये शिकागोला त्याने शेवटच्या मिनिटात झेल घेतला, दोन्ही पाय आत, आणि उठताना चेंडू हातातून जमिनीला लागला म्हणून झेलच नाही! त्या नियमाला लोक त्याचंच नाव देऊन बसले. प्लेऑफचे (मोसमानंतरच्या बाद फेरीचे) सामने मिळाले दोन. पहिल्यात, जानेवारी २०१२, न्यू ऑर्लिन्सला १२ झेल, २११ यार्ड, दोन टचडाउन. तरी हरलो ४५-२८. दुसऱ्यात डॅलसला पंचांनी आधी डॅलसच्या चुकीबद्दल पिवळं फडकं टाकलं आणि मग उचलून घेतलं. (फडकंराव, तुमचं नाव त्यावरूनच ना?)

याला तुम्ही कंटाळा म्हणा. आमच्या कोल्हापुरात याला जीव विटणं म्हणतात.

पिवळं_फडकं

त्यावरूनच. ती जखम अजून ओली आहे.

गल्ली_क्रिकेट

बरं, एक पाऊल मागे येतो. २०२१मध्ये पहिल्याच खेपेला त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, म्हणजे मतदारांना नऊ वर्षं पुरली. पण पाच वर्षं अजून खेळला असता तर आज हा धागाच निघाला नसता, एवढं तरी कबूल करा.

आईची_नजर

किंवा त्याच्या विसरभोळेपणावर निघाला असता.

(हिशेबनीस, मुलगा बरा आहे, विचारलंत म्हणून. यंदा टेनिस.)

हिशेबनीस

छान केलंत.

नाना, एक सांगा. ३० सप्टेंबर २०२४ला सिअॅटलविरुद्धच्या सामन्यात मध्यंतराला त्याला मैदानावर बोलावून सन्मान केला. तुम्ही होतात का? राग गेलेला वाटला का त्याचा?

नोव्हीकर_नाना

होतो, पार वरच्या रांगेत. तिथून चेहरा कसला दिसतोय! पण लोक उभे होते, आणि माझ्या पुढचा म्हातारा, ज्याने २०१६मध्ये ८१ नंबरचा सदरा जाळला असेल असं वाटावं, तो रडत होता. आणि गंमत बघा, त्याच रात्री आमच्या गॉफने १८ पैकी १८ फेकी अचूक टाकल्या. मी मनात म्हटलं, हा क्वार्टरबॅक दहा वर्षं आधी मिळायला हवा होता.

१६ लाखांबद्दल माझं मत बदललेलं नाही. मर्यादेचा हिशेब मात्र मला नीट ठाऊक नव्हता, तो कळला.

ता. क. तो गोरा गृहस्थ आज पुन्हा भेटला. म्हणाला, आता सँडर्सवर बोलू. मी डबा उचलला आणि दुसऱ्या मजल्यावर गेलो.