डिकीची काच सुटली, कुणी चांगला काचवाला सांगा (सोसायटीचा ग्रुप, नावाच्या जागी फ्लॅट नंबर)

ए-१०४: नमस्कार. आमच्या गाडीची मागची काच सुटायलीय. मागं पत्र्याचं दार नाही, अख्खी काचच वर उघडते. भाजीची पिशवी ठेवायला उघडली तर डावीकडं वर, काच ज्या लोखंडी पट्टीला चिकटवलेली असते तिच्यापाशी बोट जाईल एवढी फट. उद्या तुळजापूरला निघायचंय. काय करावं?

बी-२०१: दादा, एम-सील लावून टाका. दगडासारखं बसतंय.

सी-३०३: दगडासारखं बसतं म्हणूनच लावू नका. खड्ड्यात गाडी आपटली की पट्टी हलते, उन्हात काच आणि लोखंड कमीजास्त फुगतात. तिथं रबरासारखी ताणणारी पकड लागते. पुढची काच ज्यानं चिकटवतात ते पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंट आणा, त्याच्याआधी काचेला लावायचा प्रायमर त्याच कंपनीचा घ्या.

बी-२०१: मग बाथरूमचं सिलिकॉन? आमच्याकडं अर्धी ट्यूब पडूनच आहे.

सी-३०३: नको रे बाबा. व्हिनेगरसारखा वास येतो ना त्याला, ते लोखंडाला गंज आणतं. आणि एकदा लागलं की त्याचा थर नीट निघत नाही, मग त्याच्यावर पीयूसुद्धा धरत नाही. गॅरेजवालासुद्धा आधी ते खरडतच बसतो.

डी-१०२: काका, पण सुटली कशानं? गाडी तर कुठं ठोकली नाही.

सी-३०३: डिकीचे शॉकअप, म्हणजे डिकी वर धरून ठेवणाऱ्या वायूच्या नळ्या. डिकी बंद असली तरी ते दाबलेलेच असतात, रात्रंदिवस बाहेर ढकलतात. त्यात आपल्याकडचं ऊन. काचेच्या कडेची काळी पट्टी डिंकाला उन्हापासून वाचवते. ती कुठं खरडली असली तर तिथला डिंक आधी मरतो. एका कोपऱ्याला धरून डिकी उघडायची सवय असली तर तोच कोपरा आधी सुटतो.

ए-१०४: काका, आम्ही डावीकडूनच उघडतो. आता टेप मारून तुळजापूर करून येऊ का?

सी-३०३: नका जाऊ. औसा रोडला मागून दुचाकीवर लेकरं घेऊन लोक येतात. काच उडाली तर त्यांच्या अंगावर. फट असली तर सायलेन्सरचा धूरही आत ओढला जातो, मागं आजी बसणार. बसनं जा नाहीतर माझी गाडी घेऊन जा, किल्ली घरी ठेवतो.

डी-१०२: पार्किंगमध्ये पोरं त्या गाडीपाशी क्रिकेट खेळायलेत, आत्ताच पाहिलं. सगळ्या आईबाबांनी बघा. ही काच फुटली की तिचे खडे खडे होतात.

ए-१०४: वहिनी, गाडी कोपऱ्यात लावतो. काका, विम्यात बसंल का?

सी-३०३: अपघातात फुटली तर पॅकेज विम्यात, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसानही धरणाऱ्या विम्यात, काचेवर घसारा (जुनेपणाची वजावट) कापत नाहीत. डिंक जुना होऊन सुटला तर ती झीज धरतात, तिचा क्लेम होत नाही. खरडताना फोडू नका म्हणजे झालं.

ए-१०४: काचवाल्याकडंच करतो. पण त्याच्याकडून काय काय करून घ्यायचं ते लिहा, म्हणजे उभं राहून बघतो.

सी-३०३: लिहितो. आधी दोघांनी काच धरायची, मगच शॉकअप काढायचे. टोकाला क्लिप असते, बारीक पेचकसानं उचलली की सुटते. शॉकअपला भोक पाडू नका, तापवू नका, आत दाबलेला वायू असतो. मग साफसफाई, सगळं काम तिच्यावरच आहे. सुटा डिंक पात्यानं काढायचा, पण जिथं घट्ट बसलाय तिथं एकदोन मिलिमीटर थर राहू द्यायचा, नवा पीयू त्याला चांगला धरतो. पत्रा उघडा पडला असेल तर गंज घासून पत्र्याचा प्रायमर. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. पेट्रोल नको, तेलकटपणा मागं राहतो. आतल्या बाजूला काच गरम करायच्या तपकिरी तारा असतील, तिथं पातं नाही, तारेच्या दिशेनं मऊ फडकं.

बी-२०१: आणि लगेच उन्हात उभी करायची, तासाभरात वाळंल.

सी-३०३: तसं होत नाही. पीयू हवेतला ओलावा पिऊन पिकतो. चैत्रातल्या लातूरच्या कोरड्या हवेत उलट उशीर लागतो. साधारण दिवसाला तीन मिलिमीटर धरा, जाड थर असला तर जास्त दिवस. गाडी सावलीत, जवळ कूलर चालू ठेवला तरी चालेल. काच टेपनं आणि पट्ट्यानं बांधून ठेवायची. दरवाजे आपटायचे नाहीत, आतली हवा काचेला बाहेर रेटते. दाराची एक काच बोटभर खाली ठेवा.

ए-१०४: शॉकअप संध्याकाळी लावले तर?

सी-३०३: नाही. डब्यावर लिहिलेला पूर्ण पिकायचा वेळ जाऊ द्या, मगच लावा. काचवाला घाई करंल, "झालं साहेब, न्या" म्हणंल. तुम्ही ऐकू नका. ओल्या डिंकावर शॉकअपचा जोर पडला की सगळं पुन्हा सुटतं. तोवर डिकी उघडायचीच नाही, सामान मागच्या सीटवर.

डी-१०२: ए-१०४, आमचा जुना कूलर घेऊन जा, गच्चीवर आहे.

ए-१०४: वहिनी, आत्ताच येतो. काका, सकाळी तुमची किल्ली न्यायला मोठ्याला पाठवतो.

सी-३०३: पाठव. पेट्रोल टाकी भरलेली आहे.