‘टेड लासो’ या फुटबॉल क्लबवरच्या मालिकेचा तिसरा सीझन कुणाकुणाला खटकला?

पहिल्या सीझनचा अर्ध्या तासाचा भाग मी ठाणे ते दादर फास्ट लोकलमध्ये, दारापाशी उभी राहून संपवायचे. २०२३च्या तिसऱ्या सीझनचे भाग तासाच्या घरात गेले आणि तरीही हवं ते दाखवलंच नाही. कोच टेडचा जुना सहायक नेट प्रतिस्पर्धी क्लबात, वेस्ट हॅममध्ये गेला होता; त्याने वेस्ट हॅम सोडलं, हे आपल्याला नंतर नुसतं कळतं! ज्याने दुसऱ्या सीझनच्या शेवटी टेडने ड्रेसिंग रूममध्ये लावलेली ‘बिलीव्ह’ची पाटी फाडली, त्याचा सगळ्यात मोठा निर्णय पडद्याआड? फार जिव्हारी लागलं मला.

डोंबिवलीकर: पटलं. कीलीच्या पीआर ऑफिसात वेळ घालवला, तो नेटला द्यायचा होता. तो स्टार खेळाडू झावाही आला काय, गेला काय!

गिरगावची मुलगी: पण ॲमस्टरडॅमचा भाग? रॉयसारख्या खडूस कोचला त्याच्याच टीममधला जेमी सायकल शिकवतो. रॉय धडपडतो, शिव्या घालतो, पुन्हा बसतो. रॉयच्या आजोबांची आठवण निघते तिथे माझा घसाच दाटला.

मूळ प्रश्नकर्ती: हो गं, तो भाग मीही तीनदा पाहिलाय. म्हणून तर जास्त वाईट वाटतं. इतकं जमत होतं त्यांना, मग नेटच्या त्या निर्णयाच्या वाट्याला एक सीन का नाही आला?