मदत हवी आहे: कच्च्या कैद्याला एकट्याला कोठडीत किती दिवस ठेवता येतं?

नमस्कार. मी सोलापूरची. माझा धाकटा भाऊ कच्चा कैदी आहे, खटला अजून सुरूही झालेला नाही. बराकीत मारामारी झाली आणि त्याला वेगळ्या कोठडीत टाकलं. आज २३ दिवस झाले. मागच्या मुलाखतीला गेले तर मान वर करेना. आईची चौकशीसुद्धा केली नाही. "ताई, आज वार कुठला?" एवढंच दोनदा विचारलं.

कारण विचारलं की कधी 'शिक्षा' म्हणतात, कधी 'त्याच्याच सुरक्षेसाठी'. लेखी काहीच देत नाहीत.

मी टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला आहे, कायदा शिकलेली नाही. रात्री बसून वाचलं त्यातून कळलं ते असं. एकांतवासाची शिक्षा कोर्टच देतं, आणि तीही ज्या गुन्ह्याला सश्रम कारावास देता येतो त्यात दोषी ठरलेल्याला (भारतीय न्याय संहिता, कलम ११ आणि १२). एका वेळी १४ दिवसांच्या वर नाही, मग मध्ये तेवढाच खंड. माझ्या भावाला तर अजून शिक्षाच झालेली नाही! १८९४ च्या कारागृह कायद्यात कलम ४६ खाली अधीक्षक कोठडीची शिक्षा देऊ शकतात, पण तिलाही १४ दिवसांचीच मर्यादा, आणि दुसरे कैदी निदान नजरेला पडले पाहिजेत. २४ तासांहून जास्त कोठडीत असलेल्याला रोज डॉक्टरांनी बघायचं, हे कलम २९. भाऊ म्हणतो, डॉक्टर एकदाच आले.

मला अडतंय ते इथे. ही शिक्षा असेल तर शिक्षा-नोंदवहीत नोंद हवी आणि मुदत केव्हाच संपली. सुरक्षा म्हणत असतील, तर तिला मुदतच नाही का? १९७८ च्या सुनील बत्रा निकालात सुप्रीम कोर्टाने फाशीच्या कैद्यालासुद्धा याच कारागृह कायद्याच्या कलम ३० च्या नावाखाली असं एकटं पाडता येत नाही, असं म्हटलं आहे. तो निकाल कच्च्या कैद्यासाठी दाखवता येईल का?

आमचे वकील म्हणतात, हा जेलचा अंतर्गत मामला. व्हिडिओ कॉन्फरन्सवर तारीख दोन मिनिटांत उरकते, भावाला बोलू देत नाहीत. अर्ज इथल्याच कोर्टात करायचा, की हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जायचं? नोंदवहीची प्रत आणि डॉक्टरी तपासणी, दोन्ही एकाच अर्जात मागता येतात का? तक्रार केल्यावर त्याला आत त्रास झाला तर, या भीतीनं आई अर्जच नको म्हणते. ज्यांच्या घरातलं कोणी यातून गेलंय, त्यांनी हेही सांगा.

सोमवारी तारीख आहे. अर्जात काय लिहायचं ते कोणी मराठीत सांगितलं, तर रविवारी बसून मी स्वतः लिहून काढीन.