प्रीकॅशची यादी बिल्डवर सोडावी का?

कळफलक
आमच्या टीममध्ये गेल्या आठवड्यात यावरून बरंच वाजलं, म्हणून इथे मांडते. सर्व्हिस वर्कर म्हणजे ब्राउझरमध्ये पानाच्या मागे चालणारी स्क्रिप्ट. ती बसतानाच ज्या फायली आधी उतरवून कॅशमध्ये ठेवते, त्यांची यादी म्हणजे प्रीकॅशची यादी. वर्कबॉक्स या लायब्ररीच्या जनरेटएसडब्ल्यू या साधनाला बिल्डचं (साइटच्या तयार फायलींचं) फोल्डर दाखवायचं, तयार सर्व्हिस वर्कर उचलायचा आणि डिप्लॉय करून मोकळं व्हायचं, ही पद्धत मला घातक वाटते. यादीत काय जातंय ते मग कुणीच बघत नाही.

आमच्याकडे हेच झालं. वर्कबॉक्स स्वतःहून फक्त जेएस, सीएसएस आणि एचटीएमएल फायली घेतं. फॉन्टही यावेत म्हणून कुणीतरी फायली निवडायचा पॅटर्न बदलून ‘सगळ्या फायली’ असा केला. तेव्हापासून सोर्स मॅप (फक्त डीबगिंगला लागणाऱ्या फायली), एकेका फोटोचे पाच-पाच आकार, अॅडमिनची अख्खी बाजू, सगळं प्रत्येक वाचकाच्या मोबाइलमध्ये उतरत होतं. पान आधी दिसायचं आणि डाउनलोड मागाहून चालायचं, त्यामुळे तक्रारही आली नाही. मी सहज ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडला तर पान केव्हाच आलेलं, आणि खाली गिअरचं चिन्ह असलेल्या, म्हणजे सर्व्हिस वर्करने केलेल्या विनंत्यांची रांग संपता संपेना. एक लेख वाचायला आलेल्या माणसाचा डेटा आपण असा उडवायचा?

माझं मत स्पष्ट आहे. यादी माणसाने हाताने लिहावी: पानाचा सांगाडा, मुख्य सीएसएस, एखादा फॉन्ट, ऑफलाइन पान. बाकीचं लागेल तसं रनटाइमला कॅश होऊ दे.

उंबरठा
साफ असहमत. चूक पॅटर्नची आणि शिक्षा साधनाला?

हाताने लिहिलेल्या याद्या मी सांभाळल्या आहेत. वरती आवृत्तीचा आकडा असायचा आणि सीएसएस बदलली की तो वाढवायचा. एकदा विसरलो. ब्राउझर सर्व्हिस वर्करची फाइल बाइट न् बाइट ताडून बघतो, फरक नसेल तर नवा वर्कर बसवतच नाही. लोकांना कित्येक दिवस जुनी सीएसएस दिसत राहिली आणि आम्ही सर्व्हरवर दोष शोधत बसलो. जनरेटर प्रत्येक फाइलच्या मजकुराचा हॅश (मजकूर बदलला की बदलणारा ठसा) यादीत घालतो. फाइल बदलली की यादी बदलते, यादी बदलली की वर्कर बदलतो. हे काम माणसाच्या लक्षात राहण्यावर सोडूच नये.

दुसरं, हातच्या यादीतल्या एका फाइलचं नाव बदललं की कॅशचं अॅडऑल (सगळ्या फायली एकदम कॅशमध्ये भरणारी आज्ञा) पूर्ण फसतं. सगळं येईल किंवा काहीच नाही, असा त्याचा नियम आहे. इन्स्टॉल पडतं, जुना वर्कर चालूच राहतो, आणि वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

सांजवेळ
दोघांनाही एक सांगायचंय. वर्कबॉक्स २ एमबीपेक्षा मोठी फाइल यादीतून वगळतं आणि इशारा छापून पुढे जातं. आमचं मुख्य बंडल (जेएस एकत्र केलेली फाइल) असंच फुगून मर्यादेबाहेर गेलं. बिल्ड हिरवं, ऑफलाइनमध्ये पांढरं पान. तो इशारा महिनाभर लॉगमध्ये पडून होता.

कळफलक
@उंबरठा, हॅशचा मुद्दा मान्य, तिथे माझं चुकलं. मग वर्कबॉक्सचंच इंजेक्टमॅनिफेस्ट का नको? वर्कर आपण लिहायचा, हॅशसकट यादी तेवढी साधन आत भरेल. निदान ती फाइल कुणीतरी वाचेल तरी.

उंबरठा
पुश नोटिफिकेशन वगैरे असेल तर जरूर. नाहीतर जुनी कॅश साफ करणं, नेव्हिगेशनचा फॉलबॅक (यादीत नसलेलं पान मागितलं तर ठरलेलं पान देणं), हे सगळं आपल्याच गळ्यात येतं. लहान टीमला ते कशाला? पॅटर्न नेमका ठेवा, तीच यादी जनरेटएसडब्ल्यूही देईल.

पारवा
यादीवर एवढा खल चाललाय, पण मला जास्त भीती स्किपवेटिंगची वाटते. एरवी नवा वर्कर जुने टॅब बंद होईपर्यंत थांबतो, याने तो लगेच ताबा घेतो. कॉन्फिगमध्ये एक शब्द घालायचा असतो, म्हणून लोक विचार न करता घालतात.

समजा, कुणीतरी मोठा अर्ज भरतोय. टॅब तासभर उघडा आहे, पान जुन्या बिल्डचं. तेवढ्यात नवा वर्कर ताबा घेतो आणि यादीत नसलेल्या जुन्या फायली कॅशमधून काढतो. माणूस ‘पुढे’ दाबतो, पान जुन्या हॅशचा तुकडा (नावात जुना हॅश असलेली जेएस फाइल) मागतं. तो कॅशमध्ये नाही आणि सर्व्हरवरूनही डिप्लॉयने पुसलेला. बटण मुकं. तो रिफ्रेश करणार आणि भरलेलं सगळं जाणार.

आणि पस्तावून सर्व्हरवरची वर्करची फाइल उडवली तरी सुटका नाही. ४०४ (फाइल सापडली नाही) मिळालं म्हणून ब्राउझर जुना वर्कर काढून टाकत नाही. त्याच पत्त्यावर स्वतःची नोंदणी रद्द करणारा वर्कर ठेवावा लागतो. क्रिएट रिअॅक्ट अॅप या रिअॅक्टची साइट उभी करून देणाऱ्या साधनामध्ये सर्व्हिस वर्कर आधी आपोआप चालू असायचा. २०१८ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत तो ज्याला हवा त्याने चालू करावा असा केला. ते योग्यच झालं.

उंबरठा
पण नुसतं थांबवून ठेवणं हाही उपाय नाही. एकच टॅब असला तरी साध्या रिफ्रेशने थांबलेला वर्कर पुढे येत नाही. टॅब कधीच बंद न करणाऱ्यांपर्यंत सुरक्षेची दुरुस्ती पोचायची कशी? ‘नवी आवृत्ती आली आहे’ अशी पट्टी दाखवा, माणसाने दाबलं की वर्करला संदेश पाठवून स्किपवेटिंग करा आणि मग पान रीलोड करा. शिवाय आधीच्या बिल्डचे तुकडे काही दिवस सर्व्हरवर राहू द्या. जागा कितीशी लागते?

कळफलक
पट्टी आम्हीही लावतोय, पण अर्जाच्या पानावर ती दिसणार नाही असं ठरवलंय. @पारवा, धन्यवाद, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

यादीचं सांगायचं तर आज बिल्डमध्ये एक पायरी वाढवली. जनरेटएसडब्ल्यू नोंदींची संख्या, एकूण आकार आणि इशारे परत देतं, ते आता आम्ही तपासतो. एकही इशारा आला किंवा आकार ठरवलेल्या मर्यादेपुढे गेला की बिल्ड पडतं. चारशेच्या वर नोंदी होत्या, त्या एकोणीसवर आल्या. @उंबरठा, साधन ठेवलंय. पण पॅटर्नची ओळ बदलणारा बदल दुसऱ्या कुणी बघितल्याशिवाय मुख्य कोडमध्ये मर्ज होणार नाही, यावर मी अजून ठाम आहे, आणि आमच्याकडे निम्म्यांना ते जाचक वाटतंय.