शब्दचर्चा : ‘इंडाइटमेंट’ म्हणजे आरोपपत्र का? आणि त्यानंतर ‘स्पेशल काउन्सेल’च्या हाती काय उरते?

शंका : अमेरिकेचे तेव्हाचे ‘स्पेशल काउन्सेल’ जॅक स्मिथ आणि ट्रम्प यांच्या बातम्यांत ‘विशेष सरकारी वकिलांनी आरोपपत्र दाखल केले’ अशी वाक्ये येत होती. आपल्याकडे आरोपपत्र पोलीस देतात, वकील नव्हे. योग्य शब्द कोणता? आणि ते एकदा दाखल झाल्यावर या वकिलाला पुढे तपास करता येतो का?

उत्तर १ : आपल्याकडचा विशेष सरकारी वकील वेगळा. भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १८(८) खाली, किमान १० वर्षे वकिली झालेल्याला ठरावीक खटल्यासाठी किंवा खटल्यांच्या वर्गासाठी नेमतात. तपास त्याचा नाही. तपास अधिकारी कलम १९३ खाली आरोपपत्र देतो, मग न्यायालय दोषारोप निश्चित करते. (आरोपपत्र आणि दोषारोप यांतही गल्लत होते, पण तो वेगळा धागा.) पुढील तपासही पोलिसांचाच, आणि खटला सुरू झाल्यावर त्याला न्यायालयाची परवानगी लागते. खटला मागे घ्यायचा तर सरकारी वकिलाने अर्ज करायचा आणि न्यायालयाने संमती द्यायची, कलम ३६०.

अमेरिकेतला स्पेशल काउन्सेल मात्र तपासही चालवतो आणि खटलाही. म्हणून ‘विशेष अभियोक्ता’ म्हणावे. इंडाइटमेंट ग्रँड ज्युरी मंजूर करते : १६ ते २३ नागरिक, त्यांतल्या किमान १२ जणांचा होकार. मी ‘अभियोगपत्र’ म्हणेन.

उत्तर २ : ‘अभियोगपत्र’ला माझी हरकत आहे. ट्रम्प यांच्यावर २०१९ आणि २०२१ मध्ये महाभियोग झाला, इंडाइटमेंट २०२३ मध्ये. घाईत मथळा वाचणारा हमखास घोटाळा करील. ‘ग्रँड ज्युरीचे आरोपपत्र’ लिहा, लांब असले तरी चालेल.

उत्तर १ : मान्य, मथळ्यात तेच बरे. आता अधिकाराचे. अमेरिकी न्याय विभागाच्या १९९९ च्या नियमांनुसार स्पेशल काउन्सेलला खटला चालवता येतो, त्यातून निघणारी अपिलेही लढवता येतात. तपासात अडथळा, खोटी साक्ष, पुरावा नष्ट करणे, साक्षीदाराला धमकावणे हेही त्याच्या कक्षेत. त्याबाहेरचे काही हाती लागले तर ॲटर्नी जनरलकडे (न्याय विभागाच्या प्रमुखाकडे) जाऊन अधिकार वाढवून घ्यावा लागतो. आणि प्रलंबित खटल्याची तयारी करण्याच्याच मुख्य हेतूने ग्रँड ज्युरी वापरता येत नाही. नवे आरोप किंवा नवे आरोपी यांचा तपास असेल तरच चालते.

उत्तर ३ : ‘सुपरसीडिंग इंडाइटमेंट’ला ‘पुरवणी आरोपपत्र’ म्हणू नका. पुरवणी आधीच्याला जोडली जाते, हे आधीच्याच्या जागी येते. वॉशिंग्टनच्या खटल्यात (२०२० च्या निवडणुकीचा निकाल उलटवण्याच्या प्रयत्नाचा) असे आरोपपत्र २७ ऑगस्ट २०२४ ला आले तेव्हा आरोप चारच राहिले, पाने मात्र ४५ वरून ३६ वर आली, कारण राष्ट्राध्यक्षाला अधिकृत कृतींबद्दल खटल्यापासून संरक्षण देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १ जुलैच्या निकालानंतर अधिकृत कृतींशी संबंधित मजकूर काढावा लागला. नव्याने बसलेल्या ग्रँड ज्युरीकडून ते मंजूर करून घेतले. उलट फ्लोरिडाच्या गोपनीय कागदपत्रांच्या प्रकरणात जुलै २०२३ मध्ये त्याच मार्गाने तिसरा आरोपी वाढला. दोन्हींना ‘सुधारित’ चालेल.

उत्तर १ : फ्लोरिडातच १५ जुलै २०२४ ला न्यायाधीश आयलीन कॅनन यांनी नेमणूकच घटनाबाह्य ठरवून खटला फेटाळला. तिथे वाद अधिकाराच्या व्याप्तीचा नव्हता, अधिकाराच्या पायाचा होता. स्मिथ अपिलात गेले.

उत्तर २ : शेवटचे एक. आरोपपत्र मागे घ्यायला तिथेही न्यायालयाची परवानगी लागते. वॉशिंग्टनचा खटला २५ नोव्हेंबर २०२४ ला ‘विदाउट प्रेज्युडिस’ रद्द झाला. ‘पूर्वग्रहाविना रद्द’ लिहिले की न्यायाधीशांच्या मनःस्थितीची बातमी वाटते. ‘पुन्हा दाखल करण्याची मुभा ठेवून रद्द’, असे लिहावे.