कॅम्पर व्हॅन घेऊन जानेवारीत काझा: पाण्याच्या लाइनमध्ये अँटिफ्रीझ कोणतं आणि किती?

चाकावरचं_घर

नमस्कार मंडळी. ट्रॅव्हलरवर बांधलेली कॅम्पर व्हॅन आहे, गाडी नागपूरची. जानेवारीत सिमला-किन्नौर बाजूने स्पितीतल्या काझाला जायचं आहे (मनालीकडची कुंझुम खिंड तेव्हा बंदच असते). तिथे रात्री पारा उणे २५ पर्यंत उतरतो, म्हणून पाण्याच्या लाइनची काळजी आहे.

मांडणी अशी: बेडखाली ८० लिटरची टाकी, १२ व्होल्टचा डायफ्राम पंप, १५ लिटरचा स्टोरेज गीझर, सिंक, शॉवर, कॅसेट टॉयलेट (खालची मैल्याची टाकी काढून रिकामी करता येते ते), सिंकखाली छोटा आरओ. थंड पाण्याची लाइन पीयू (पॉलियुरेथेन) पाइपची. गीझरपासून पुढची गरम लाइन सीपीव्हीसीची (घरात गरम पाण्याला वापरतात तो कडक प्लास्टिक पाइप), साधारण पाच मीटर. सगळी अर्धा इंची, एकूण लांबी पंधरा मीटरच्या आसपास. सांडपाण्याची ५० लिटरची टाकी चेसिसखाली लटकते.

परदेशी व्हिडिओंमध्ये लाइन गोठू नये म्हणून गुलाबी अँटिफ्रीझ ओततात. ते इथे मिळत नाही. रेडिएटरचं कूलंट पण गुलाबीच असतं, ते चालेल का? आणि किती लिटर लागेल? गीझर भरून धरला तर वीसेक लिटर होतंय.

ग्लायकॉल_भाऊ

कूलंट अजिबात नको. रंगावर जाऊ नका, रंग कंपनी ठरवते. आपल्याकडे कूलंट हिरवं, लाल, गुलाबी, निळं कसंही मिळतं. रेडिएटरच्या कूलंटमध्ये बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉल असतं. ते विष आहे, चवीला गोड, आणि शंभरेक मिलिलिटर पोटात गेलं तर मोठा माणूसही दगावू शकतो. ज्या नळातून पुढे चहाचं पाणी घ्यायचं त्या नळात ते घालायचं नाही. शिवाय त्यात गंज रोखणारी रसायनं असतात, ती वेगळीच.

त्या व्हिडिओतलं गुलाबी द्रव म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल (पीजी). ते आपल्याकडे सुटं मिळतं. गांधीबाग-इतवारीतल्या केमिकलवाल्यांकडे 'पीजी, आयपी ग्रेड' (म्हणजे औषधी दर्जाचं) असं स्पष्ट सांगून मागा. इंडस्ट्रियल ग्रेड स्वस्त पडतं, पण नको. सीलबंद कॅन, त्यावर बॅच नंबर, आणि त्या बॅचचं टेस्ट सर्टिफिकेट घ्या. ड्रममधून काढून बाटलीत भरून देत असेल तर दुसरं दुकान बघा.

मिश्रण आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात करा. मापाने ३० टक्के पीजी सुमारे उणे १३ ला गोठायला लागतं, ४० टक्के उणे २१-२२ ला, ५० टक्के उणे ३३ च्या आसपास. तुम्हाला निम्मं-निम्मं पुरे. त्या परदेशी डब्यावरचा उणे ५० हा आकडा फॅरनहाइटमधला असतो, आणि तो गोठण्याचा नाही, पाइप न फुटण्याचा आहे. बर्फाचे कण आधी पाण्याचे बनतात, उरलेलं द्रव जास्त दाट होतं, एकूण सगळं बर्फगोळ्यासारखं मऊ राहतं आणि फुगायला जागा शोधतं. साधं पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं आणि कडक होतं, म्हणून नळाचं पितळसुद्धा तडकतं.

तपासायला रिफ्रॅक्टोमीटर (थेंबभर मिश्रणातून प्रकाश बघून प्रमाण सांगणारं उपकरण) वापरा, त्यावर पीजीची वेगळी पट्टी असते. गॅरेजमधलं तरंगतं हायड्रोमीटर इथिलीन ग्लायकॉलसाठी असतं, पीजीला चुकीचा आकडा दाखवतं. काहीच नसेल तर वाटीभर मिश्रण घरच्या फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवा. तिथे उणे १८ असतं. निम्म्या-निम्म्या मिश्रणात सकाळी बर्फाचा कणही दिसायला नको.

पाइपफिटर_लोहाओळी

थांबा जी. भाऊने सांगितलं ते बरोबर, पण तुमच्या गाडीत सीपीव्हीसी आहे. सीपीव्हीसीला २५ टक्क्यांच्या वरचं प्रोपिलीन ग्लायकॉल चालत नाही. लगेच काही होत नाही. फिटिंगमध्ये जिथे ताण आहे, म्हणजे एल्बोजवळ, थ्रेडेड अडॅप्टरला, घट्ट आवळलेल्या क्लॅम्पखाली, तिथे केसाएवढ्या भेगा पडतात आणि काही दिवसांनी पाइप ठिबकायला लागतो. परदेशातल्या व्हॅनमध्ये बहुतेक पेक्स (लवचिक पॉलिइथिलीन) पाइप असतो, म्हणून त्यांच्या व्हिडिओत हा विषयच निघत नाही. आपल्याकडे प्लंबर घरासारखीच गाडीपण सीपीव्हीसीने जोडून देतो. वरून थंडीत हा पाइप ठिसूळ होतो, आणि किन्नौरचे हादरे आहेतच.

तीन मार्ग आहेत. पहिला, तो पाच मीटर काढून पेक्स-अ‍ॅल्युमिनियम-पेक्सचा कंपोझिट पाइप टाका. आपल्या नागपूरच्या लोहाओळीत पाइप आणि पितळी फिटिंग दोन्ही मिळतात, काम अर्ध्या दिवसाचं. माझं मत विचाराल तर हेच करा. दुसरा, त्या लाइनमध्ये ग्लिसरीन आणि पाणी वजनाने निम्मं-निम्मं. हे उणे २३ पर्यंत चालतं आणि सीपीव्हीसीला अपाय करत नाही. पण थंडीत काकवीसारखं दाट होतं, पंपाला ओढवत नाही, आणि तुमचं काझा उणे २५ चं, म्हणजे वजनाने ६० टक्के तरी लागेल. तिसरा, ती लाइन फक्त हवेने कोरडी करायची, त्यात काहीच भरायचं नाही.

सिंकखालचे पीव्हीसीचे ट्रॅप (वास अडवायला पाणी धरून ठेवणारे वाकडे तुकडे) आणि पीयू पाइप यांना ग्लायकॉलचं काही होत नाही.

हिंगणा_रोड

वीस लिटरचा हिशोब चुकतोय. अर्धा इंची पाइपमध्ये मीटरला साधारण १२५ मिलिलिटर मावतं. पंधरा मीटरचे झाले दोन लिटर. दोन ट्रॅपना मिळून ८०० मिलिलिटर, सांडपाण्याच्या टाकीच्या व्हॉल्व्हसाठी एक लिटर, नळातून रंग दिसेपर्यंत वाया जाणारं एक-दीड लिटर. सहा लिटर मिश्रण पुष्कळ झालं, म्हणजे तीन लिटर पीजी, वजनाला ३.१ किलो. गीझरमध्ये अँटिफ्रीझ भरायचंच नाही, त्याला बायपास करायचं. पीजीला स्वतःचा रंग नसतो, म्हणून चिमूटभर खाण्याचा रंग घाला, नाहीतर नळातून पाणी येतंय की मिश्रण ते कळणार नाही.

आता क्रम. आधी पाणी पूर्ण काढायचं, अँटिफ्रीझ नंतर. लाइनमध्ये पाच लिटर पाणी तसंच राहिलं आणि वर पाच लिटर निम्मं-निम्मं ओतलं, तर हाती २५ टक्के राहतं. ते उणे १० च्या आसपासच गोठायला लागतं.

टाकी ड्रेनने रिकामी करा. गीझरचा एमसीबी (विजेचा ब्रेकर) पाडा आणि त्यावर टेप लावा, कारण रिकाम्या टाकीत चुकून चालू झाला की एलिमेंट गेलंच. गीझर गार होऊ द्या. इथे बरेच जण फसतात: गरम नळ उघडला म्हणजे गीझर रिकामा झाला असं होत नाही. गरम पाण्याची नळी आत टाकीच्या वरच्या टोकाला उघडते, त्यामुळे नळ उघडून फक्त दाब जातो, पाणी आत तसंच. आणि थंड पाण्याच्या तोंडाला जो सेफ्टी व्हॉल्व्ह असतो त्यात नॉन-रिटर्न असतो, तो पाणी मागे येऊ देत नाही. गरम नळ उघडा ठेवून, म्हणजे हवा आत जाईल, त्या सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी उचलून धरा. १५ लिटर यायला वेळ लागतो. खाली बादली ठेवून मोजा; तेरा-चौदा लिटरच आलं तर सरळ व्हॉल्व्ह खोलून उरलेलं काढा.

बायपाससाठी तीन बॉल व्हॉल्व्ह आणि दोन टी लागतात. एक व्हॉल्व्ह गीझरच्या इनलेटला, एक आउटलेटला, तिसरा दोन्ही टींना जोडणाऱ्या तुकड्यावर. नेहमी पहिले दोन उघडे, मधला बंद. थंडीसाठी उलटं. पहिले दोन बंद करताना गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडाच राहू द्या.

आरओची मेंब्रेन आणि फिल्टर काढून, पाणी झटकून, पिशवीत घालून केबिनमध्ये ठेवा. मेंब्रेनमधून ग्लायकॉल जाता कामा नये, दोन्ही टोकं प्लग करा. पंपाच्या तोंडाशी जाळीची वाटी असते ती खोलून रिकामी करा. बहुतेकांची पहिली तीच फुटते. पंप अर्धा मिनिट कोरडा चालवा, डायफ्राम पंपाला एवढं चालतं.

मग हवा. पंपानंतरच्या जोडावर टायर व्हॉल्व्हचा अडॅप्टर लावा आणि २ बार, म्हणजे ३० पीएसआय, त्याच्यावर जाऊ नका. वाडीच्या ट्रान्सपोर्टमधल्या टायरवाल्यांचा कॉम्प्रेसर आठ-दहा बारचा असतो. रेग्युलेटरशिवाय पिस्तूल लावलं तर पुश-फिट जोड उडून येतील. गाडीतला सिगारेट सॉकेटवरचा छोटा पंप उलट कामाचा नाही, तो दाब देतो पण हवेचा लोट देत नाही, सखल भागातलं पाणी तसंच राहतं. एका वेळी एकच नळ उघडा, फवारा थांबून नुसती हवा येईपर्यंत. सिंगल लिव्हर मिक्सर असेल तर दांडी पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे आणि मधे, तिन्ही जागी. हँड शॉवर नळीसकट काढून झटका.

शेवटी पंपाच्या सक्शनला थ्री-वे व्हॉल्व्ह आणि मीटरभर नळी जोडून ती मिश्रणाच्या कॅनमध्ये सोडा. पंप चालू. जवळच्या नळापासून सुरुवात, आधी गरम, मग थंड, रंग एकसारखा दिसला की बंद. कॅसेट टॉयलेटला फ्लश एकदा. ट्रॅपमध्ये प्रत्येकी दोन कप वरून ओता. पंप बंद करून नळ एकदा उघडून दाब सोडा.

चाकावरचं_घर

सगळ्यांचे आभार. कंपोझिट पाइप टाकून घेतो. आता गोंधळ असा की हे सगळं निघताना नागपुरात करायचं की वर? वाटेत पाणी तर लागणारच. आणि बायपासचा तुकडा उरलेल्या सीपीव्हीसीतून बनवला तर?

थंडीतले_भटके

नागपुरात कशाला? इथे डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली आला तरी शून्याला लागत नाही, घरी उभ्या गाडीला नुसतं रिकामं करून ठेवणं पुरे. वाटेत सिमला-नारकंडा उंच आहेत, पण रामपूर बुशहर हजार मीटरच्या आसपास आहे, तिथवर लाइन वापरा. पुढे रिकाँग पिओ, नाको, ताबो अशी चढण आहे आणि नाकोपासून ३,६०० मीटरची गोष्ट सुरू होते. म्हणून रामपूरला दुपारी, ऊन असताना, थांबून हे काम उरका. कॉम्प्रेसर टायरवाल्याकडे मिळेल. रेग्युलेटर, अडॅप्टर, नळी आणि तयार मिश्रण नागपूरहून न्या. एकदा घरी सराव करा, साध्या पाण्यावरही चालेल.

वर गेल्यावर लाइन बंद समजा. दोन २० लिटरचे कॅन केबिनमध्ये, तीन-चतुर्थांशच भरलेले, म्हणजे फुगायला जागा. सिंकमध्ये मगाने पाणी घ्या.

खरी डोकेदुखी चेसिसखालची सांडपाण्याची टाकी आहे. केबिन तापलेली असली तरी ती बाहेरच असते. तिचा व्हॉल्व्ह गोठला आणि तुम्ही जोर लावला तर दांडी हातात येते. रामपूरला ती पूर्ण रिकामी करून आत लिटरभर मिश्रण ठेवा आणि वर सिंकखाली बादली लावा. कॅसेटमध्येही अर्धा लिटर मिश्रण, रबरी सील लवचिक राहतं.

डिझेलचंही बघा. नागपूरहून भरलेलं डिझेल टाकीत घेऊन काझाला जाऊ नका, तिथल्या थंडीत ते दाटून बसतं; वर जाताना टाकी स्थानिक पंपावर भरलेली असावी. तो वेगळा धागा होईल.

पाइपफिटर_लोहाओळी

बायपास सीपीव्हीसीचा नको, ग्लायकॉल त्याच तुकड्यातून जाणार आहे ना. पितळी टी आणि पितळी बॉल व्हॉल्व्ह घ्या. आणि बॉल व्हॉल्व्हची एक खोड लक्षात ठेवा: बंद केल्यावर बॉलच्या पोटात थोडं पाणी अडकून राहतं आणि तेच गोठून व्हॉल्व्ह चिरतो. हवा मारताना तिन्ही व्हॉल्व्ह अर्धे उघडून एकदा फुंकर जाऊ द्या, मग पक्के बंद करा.

फुटलेला पाइप गोठलेला असेपर्यंत गळत नाही, बर्फच बूच असतो. त्यामुळे परतताना खाली आल्यावर पहिल्यांदा पंप चालवताना बेडखालचा कप्पा उघडा ठेवून टॉर्च मारत बघा.

ग्लायकॉल_भाऊ

वर ग्लिसरीनचा विषय निघाला म्हणून: तेही आयपी ग्रेडच घ्या. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषधी ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल निघालं आणि १४ रुग्ण दगावले, त्यावर लेंटिन आयोग बसला होता. ग्लिसरीन असो की पीजी, सर्टिफिकेटचा आग्रह त्यासाठी.

परत आल्यावर मिश्रण लाइनमध्ये ठेवून गाडी उभी करू नका. धुताना थोडं पाणी मिसळून पीजी वीस टक्क्यांच्या खाली गेलं की ते जंतूंचं खाद्य होतं, आणि मार्चपासून नागपूरचं ऊन लागलं की नळातून वास सुटतो. पूर्ण टाकीभर पाणी प्रत्येक नळातून काढा, फेस यायचा थांबेपर्यंत. बायपास तोवर तसाच राहू द्या, नाहीतर उरलेलं ग्लायकॉल गीझरमध्ये जाईल. नंतर गीझर लाइनमध्ये घेऊन ८० लिटर पाण्यात ४ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट १०० मिलिलिटर घाला, हे ५० पीपीएम होतं. प्रत्येक नळातून क्लोरीनचा वास येईपर्यंत चालवा, चार तास ठेवा, काढून टाका, पुन्हा दोनदा साध्या पाण्याने धुवा. आरओ सगळ्यात शेवटी जोडा, क्लोरीनने मेंब्रेन खराब होते. गीझरचा एमसीबी वर करण्याआधी गरम नळातून सलग धार येतेय ना ते पाहा.

आणि हे धुतलेलं पाणी घरच्या संडासात सोडा. फुटाळा तलावावर किंवा नाल्यात नको. विष नसलं तरी पीजी कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं.

चाकावरचं_घर

समजलं. पितळी व्हॉल्व्ह, तीन लिटर पीजी, दोन बारचा रेग्युलेटर, यादी झाली. मिश्रण कॅनमध्ये आधीच करून ठेवलं तर किती दिवस टिकतं?

ग्लायकॉल_भाऊ

निम्मं-निम्मं असेल आणि झाकण घट्ट असेल तर या हंगामाला काही होत नाही. कॅनवर मोठ्या अक्षरात नाव आणि प्रमाण लिहा, खाण्याचा रंग घातल्यावर ते सरबतासारखं दिसतं.